हृदयाच्या यांत्रिक झडपा : इतिहास व दीर्घकालीन परिणाम

हृदयातील रक्तप्रवाह एकाच दिशेने चालू ठेवणाऱ्या नैसर्गिक झडपा रोगामुळे निकामी झाल्या असता त्या काढून त्यांच्या जागी धातू, कार्बन व बहुवारिके यांपासून बनविलेल्या ज्या झडपा बसवितात, त्यांना यांत्रिक झडपा म्हणतात. डुकराची झडप किंवा गाईच्या हृदयावरणाचे पटल यांसारख्या प्राणिज ऊतकांपासून तयार केलेल्या जैव झडपांहून त्या भिन्न होत. मानवी हृदयात नैसर्गिक झडपेच्या जागी अशी झडप बसविण्यास १९६० मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासूनच्या इतिहासाचे दोन भाग पडतात. झडप कशाची व कशी बनवावी, हा पहिल्या भागातील प्रश्न होता व तो बहुतांशी सुटला आहे. झडप बसविलेल्या माणसाचे पुढील आयुष्य सुरक्षित कसे राहावे, हा दुसरा प्रश्न असून तो प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत नव्याने सोडवावा लागतो. त्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहापेक्षा रुग्णाच्या घराजवळ अधिक शोधावे लागते. ठाणे व कल्याण-डोंबिवली हा परिसर याचे चांगले उदाहरण आहे; कारण येथील रुग्णांची शस्त्रक्रिया कित्येक दशके मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत होत आली आणि उरलेले आयुष्य मात्र तेथून तीस ते पन्नास किमी. अंतरावर गेले.

झडपांचे कार्य व रोग : मानवी हृदयात चार झडपा असतात. त्यांपैकी डावे अलिंद व डावा निलय यांमधील द्विदल झडप आणि डावा निलय व महारोहिणी यांमधील महारोहिणी झडप या दोन झडपांवर सर्वाधिक दाब येतो व शस्त्रक्रियेची गरजही प्रामुख्याने त्यांनाच लागते. हृदयाचे स्पंदन दिवसाला सु. एक लाख वेळा होते. म्हणजे झडपेला वर्षाकाठी साडेतीन ते चार कोटी वेळा उघडावे व मिटावे लागते. कृत्रिम झडपेच्या टिकाऊपणाची कसोटी किती कठोर आहे, याची कल्पना यावरून येते.

पाश्चात्त्य देशांत झडपांचे विकार आज मुख्यतः वार्धक्यामुळे होतात. भारतात मात्र त्यांचे प्रमुख कारण संधिज्वर हे राहिले आहे. विशिष्ट प्रकारच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे लहान मुलांचा घसा सुजतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप व सांधेदुखी सुरू होते आणि त्याच वेळी हृदयाच्या झडपांचाही दाह होतो. सांधे बरे होतात. झडपांवरील व्रण मात्र राहतात व पुढील प्रत्येक आघाताबरोबर वाढत जातात. दाट वस्ती, एका खोलीत अनेकांचा निवास व घशाच्या आजाराकडे होणारे दुर्लक्ष या गोष्टी रोगाला पोषक ठरतात. भारतात द्विदल झडपेचे मुख अरुंद होण्याचा विकार वयाच्या विशीच्या आतही तीव्र स्वरूपात आढळतो, याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. [⟶ संधिज्वर]. भारतातील रुग्ण तरुण असतो, त्यामुळे त्याला बसविलेल्या झडपेला दहा-पंधरा वर्षे नव्हे, तर तीस-चाळीस वर्षे काम द्यावे लागते. भारतीय परिस्थितीचा विचार करताना ही गोष्ट मूलभूत ठरते.

यांत्रिक झडपांचा विकास : झडपेवर शस्त्रक्रिया करण्याचे आरंभीचे प्रयत्न एलियट कटलर (बॉस्टन, १९२३) व हेन्री सूटर (लंडन, १९२५) यांनी केले. १९४८ पासून चार्ल्स बेली, ड्वाइट हार्केन इत्यादींनी अरुंद झालेली द्विदल झडप धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करण्याची ‘बंद’ शस्त्रक्रिया रूढ केली. वॉशिंग्टन येथील चार्ल्स हफ्नागेल यांनी १९५२ मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची नळी व तीत हलणारी गोळी असे साधन अवरोही महारोहिणीत बसविले. हे साधन मूळ झडपेच्या जागी बसत नसल्याने त्याचा लाभ अंशतःच होई. तथापि कृत्रिम झडप शरीरात वर्षानुवर्षे चालू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केल्यावर हृदय थांबवून ते उघडणे शक्य झाले.

मार्च १९६० मध्ये हार्केन यांनी महारोहिणी झडपेच्या मूळ जागी पिंजऱ्यातील गोळीची झडप बसविली व त्याच सुमारास नीना ब्राउनवाल्ड यांनी लवचिक पॉलियुरेथेनची द्विदल झडप बसविली. त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ॲल्बर्ट स्टार हे शस्त्रक्रियातज्ज्ञ व लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त जलशक्ती अभियंते यांनी तयार केलेली झडप वापरात आली. एडवर्ड्स यांना संपूर्ण कृत्रिम हृदय बनवावयाचे होते. आधी एक झडप तरी करावी, असे स्टार यांनी त्यांना सुचविले. त्यांची पहिली रुग्ण काही तासांतच दगावली. सप्टेंबरमधील दुसरा रुग्ण मात्र सु. दहा वर्षे जगला आणि अखेर घर रंगविताना शिडीवरून पडून मरण पावला. स्टार-एडवर्ड्स झडप नंतर जगभर वापरली गेली. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत सिलिकोनची गोळी रक्तातील मेद शोषून फुगे किंवा तडकत असे. गोळीच्या निर्मितिप्रक्रियेत बदल करून हा दोष दूर करण्यात आला.

पिंजऱ्यातील गोळीभोवती रक्तप्रवाह वळसे घेतो व अडतो. हा अडथळा कमी करण्यासाठी १९६९ मध्ये स्वीडनचे व्हायकिंग ब्यॉर्क व अमेरिकन अभियंते डॉनल्ड शायली यांनी तिरपी उघडणारी चकती असलेली झडप प्रचारात आणली. त्यानंतर ३ ऑक्टोबर १९७७ रोजी मिनेसोटा विद्यापीठात डेमेट्री निकोलॉफ यांनी दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्यांची सेंट ज्यूड झडप प्रथम बसविली. आज प्रचारात असलेल्या बहुतेक यांत्रिक झडपा या द्विपाकळी प्रकारच्या आहेत. या प्रगतीस उत्तापविच्छेदी कार्बन हा पदार्थ विशेष कारणीभूत झाला. अणुभट्टीतील इंधनकणांवर लेप देण्यासाठी तो तयार करण्यात आला होता. तो अत्यंत कठीण असून रक्ताशी त्याचा मेळ बऱ्यापैकी बसतो, असे जॅक बोक्रॉस व व्हिन्सेंट गॉट यांच्या संशोधनातून दिसून आले.

या प्रगतीत एक मोठा अपघातही घडला. ब्यॉर्क-शायली झडपेच्या बहिर्वक्र-अंतर्वक्र चकतीच्या सुधारित प्रकारात चकतीला धरून ठेवणारा धातूचा बाक जोडाशी तुटू लागला. तो तुटताच चकती निसटून जाते व रुग्ण बहुधा मृत्यू पावतो. १९८६ मध्ये ही झडप बाजारातून काढून घेण्यात आली, तेव्हा जगभरात सु. ८६,००० रुग्णांच्या हृदयांत ती बसविलेली होती. उत्तम चालणारी झडप केवळ भीतीपोटी बदलावी की धोका पत्करून तशीच ठेवावी, असा पेच त्या सर्वांपुढे उभा राहिला. शरीरात बसविलेल्या साधनांची व ज्यांना ती बसविली त्यांची दीर्घकाळ नोंद ठेवली पाहिजे, ही जाणीव या प्रकरणाने दृढ केली. भारतात हृदयाच्या झडपा औषधविषयक कायद्याच्या कक्षेत २००५ मध्ये आणण्यात आल्या.

भारतातील कार्य : मुंबईत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. तेथे प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) यांनी १९५० नंतरच्या दशकात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. गु. भा. पारुळकर हे त्यांच्या प्रमुख सहकाऱ्यांपैकी एक होत. त्या काळात संधिज्वराने अरुंद झालेल्या द्विदल झडपेवरील बंद शस्त्रक्रिया हे अशा विभागांचे मुख्य काम होते. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबई व वेल्लोर येथे हृदय उघडून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी हृदयाचे प्रतिरोपण केले. रुग्ण काही तासच जगला, तरी जगातील अशा पहिल्या काही प्रयत्नांत त्याची गणना होते. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेपुढील अडचण निराळी होती. झडप परदेशातून आणावी लागे व तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे.

ही अडचण दूर करण्यासाठी तिरुअनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मा. शं. वलियाथन (१९३४–२०२४) यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडपेचे संशोधन झाले. आधीचे तीन नमुने जोड तुटणे, झीज होणे व चकती फुटणे या कारणांनी बाद करावे लागले. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची चकती व पॉलिएस्टर कापडाचे शिवणकडे वापरण्यात आले. ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसविण्यात आली व १९९५ पासून तिचे व्यापारी उत्पादन होऊ लागले. आयात झडपांपेक्षा ती बरीच स्वस्त असल्याने भारतात लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे.

रक्ताचे क्लथन : रक्त हे धातूला किंवा कार्बनला आपले मानीत नाही. यांत्रिक झडपेवर रक्ताच्या गुठळ्या धरू लागतात. गुठळी जागेवरच वाढली, तर झडप अडकते. सुटून मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. यासाठी क्लथनरोधी (रक्त पातळ करणारी म्हणून ओळखली जाणारी) गोळी जन्मभर घ्यावी लागते. या गोळीचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेत सडलेले गोड क्लोव्हर गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांनी त्या गवतातील दोषी द्रव्य शोधून काढले. त्यापासून पुढे तयार झालेले वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून विक्रीस आले व १९५४ पासून औषध म्हणून वापरले जाऊ लागले. भारतात त्याबरोबरच ॲसिनोकुमारॉल हे त्याच गटातील औषधही पुष्कळ वापरले जाते. दोन्ही औषधे के जीवनसत्त्वाच्या कार्याला विरोध करतात.

गोळीची मात्रा रक्ततपासणीवरून ठरते. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रॉम्बिन कालाची कसोटी प्रसिद्ध केली. परंतु वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील विक्रियाकारकांमुळे तिचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर (आय. एन. आर.) स्वीकारल्यावर परळच्या व कल्याणच्या प्रयोगशाळेतील आकडे एकाच मापाने वाचता येऊ लागले. निरोगी माणसात हे गुणोत्तर सु. १ असते. महारोहिणी झडप बदललेल्या रुग्णात सामान्यतः २ ते ३ व द्विदल झडप बदललेल्या रुग्णात २·५ ते ३·५ या मर्यादेत ते ठेवतात. गुणोत्तर मर्यादेखाली गेल्यास गुठळीचा व वर गेल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दीर्घकालीन परिणाम : यांत्रिक व जैव झडपांची तुलना करणारे दोन दीर्घ अभ्यास महत्त्वाचे मानले जातात. एडिंबरो येथे १९७५–७९ या काळात ५४१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात वीस वर्षांनंतर दोन्ही गटांतील सु. एक चतुर्थांश रुग्ण हयात होते. मात्र जैव झडपवाल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात करावी लागली व यांत्रिक झडपवाल्यांना रक्तस्राव अधिक झाले. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत १९७७–८२ या काळात ५७५ पुरुषांवर अशीच चाचणी सुरू झाली. महारोहिणी झडप बदललेल्यांत पंधरा वर्षांअखेरचे मृत्यूंचे प्रमाण यांत्रिक झडपेच्या गटात ६६ टक्के व जैव झडपेच्या गटात ७९ टक्के आढळले. द्विदल झडपेच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. या दोन्ही अभ्यासांतील रुग्ण बहुतांशी मध्यम वयाचे किंवा त्याहून मोठे होते. भारतातील पंचविशीच्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यांतील तत्त्व लागू पडते. जैव झडप तरुण शरीरात कॅल्शियम साचून लवकर निकामी होते, यांत्रिक झडप स्वतः क्वचितच बिघडते. तिचे धोके रक्तात असतात.

हे धोके किती, हे नेदर्लंड्समधील कानेहीटर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १३,००० हून अधिक रुग्णांच्या माहितीचे संकलन करून दाखविले. क्लथनरोधी औषधाविना दर शंभर रुग्णांत वर्षाला सु. चार जणांना गुठळीमुळे गंभीर इजा होते. औषध घेतल्यास हे प्रमाण सु. एकावर येते. औषधामुळे होणाऱ्या गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण दर शंभरी वर्षाला सु. १·४ आढळले. आकडा एका वर्षापुरता लहान वाटतो. परंतु तो तीस वर्षे साचत जातो. याखेरीज झडपेवर जंतुसंसर्ग (हृदंतस्तरशोथ), शिवणीच्या कडेने रक्त झिरपणे, झडपेभोवती ऊतक वाढून तिची हालचाल मंदावणे व तांबड्या रक्तकोशिकांचा नाश हे उपद्रव संभवतात. संधिज्वर पुन्हा होऊ नये म्हणून द्यावयाची पेनिसिलिनची अंतःक्षेपणे झडप बदलल्यावरही बहुधा चालू ठेवावी लागतात. ‘झडप नवी झाली, आता इंजेक्शन कशाला’, हा समज चुकीचा आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत वाढला. या मार्गाने पुढील काळात मुंबईच्या श्रमिकांची व नोकरदारांची वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सु. १८·४ लाख व कल्याण-डोंबिवलीची सु. १२·५ लाख होती. चाळींतील व झोपडवस्त्यांतील दाटी ही संधिज्वराला अनुकूल अशी परिस्थिती होय. कसारा व कर्जत या दोन्ही शाखा कल्याण येथे मिळत असल्याने शहापूर, मुरबाड, अंबरनाथ, बदलापूर या भागांतील रुग्णांचाही मार्ग येथूनच जातो.

या परिसरात ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (१९९२), कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही प्रमुख सार्वजनिक रुग्णालये आहेत. हृदय उघडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्णांना दीर्घकाळ मध्य रेल्वेने शीव किंवा परळ गाठावे लागे. २००० नंतर ठाण्यातील खाजगी रुग्णालयांतही ही सोय झाली. खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाची १९९७ ची जीवनदायी योजना, २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत व २०१३ मध्ये सर्व राज्यात लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना व २०१७ पासून तिला मिळालेले महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे रूप यांमुळे गरीब कुटुंबांना मोठा आधार मिळाला.

तथापि शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो; गोळी व रक्ततपासणी आयुष्यभर चालते. रुग्णालयात नोंदवही दाखविण्यासाठी कल्याणहून परळपर्यंत सु. ४५ किमी. जाणे म्हणजे रोजंदारीवरील माणसाच्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे होय. प्रकृती चांगली वाटू लागली की अशा फेऱ्या प्रथम टळतात, मग तपासणी टळते व अखेरीस गोळीही. वाहतूकच थांबण्याचे प्रसंगही येतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात लोहमार्ग बंद पडले. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे उपनगरी गाड्या थांबल्या व सर्वसाधारण प्रवाशांना त्या अनेक महिने खुल्या नव्हत्या. तपासणी घराजवळ व सल्ला दूरध्वनीवर मिळण्याची व्यवस्था असेल, तरच अशा वेळी उपचारात खंड पडत नाही. बोटाच्या रक्तथेंबावरून गुणोत्तर सांगणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. पण त्यांचा व चाचणीपट्ट्यांचा खर्च बहुतेक कुटुंबांना झेपणारा नाही. महानगरपालिकेच्या दवाखान्यांत अशी यंत्रे ठेवल्यास एका यंत्राचा लाभ अनेकांना होऊ शकतो.

आहाराचाही येथे संबंध येतो. मेथी, पालक, माठ, अळू या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व पुष्कळ असते. पावसाळ्याच्या तोंडी शहापूर-मुरबाडकडून कल्याण व ठाण्याच्या बाजारात येणाऱ्या टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या पालेदार रानभाज्या, श्रावणातील शाकाहार व उपवास यांमुळे आहार ऋतुमानानुसार बदलतो. पालेभाज्या वर्ज्य करण्याची गरज नसते. त्यांचे प्रमाण वर्षभर साधारण सारखे असावे व ते बदलल्यास तपासणी करावी. वेदनाशामक गोळ्या, काही प्रतिजैव औषधे व अज्ञात घटकांची चूर्णे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे असते.

गर्भारपण : संधिज्वरजन्य विकार असलेल्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्या बाबतीत यांत्रिक झडपेचा प्रश्न अधिक बिकट होतो. वॉरफॅरिन गटातील औषधे गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपायकारक ठरू शकतात, तर औषध अकस्मात थांबविल्यास झडपेवर गुठळी होऊन मातेचा जीव धोक्यात येतो. हेपारिनचा पर्याय काटेकोर देखरेखीखालीच वापरता येतो. म्हणून झडप कोणती बसवावी हे ठरविण्यापूर्वीच अपत्याचा विचार स्त्रीशी व कुटुंबाशी मोकळेपणाने बोलून घेणे आवश्यक आहे. विवाहप्रसंगी शस्त्रक्रिया लपविली गेल्यास गोळीही लपून घ्यावी लागते व बहुधा चुकते.

अलीकडील प्रयत्न : तपासणीची गरज नसलेली नवी क्लथनरोधी औषधे यांत्रिक झडपांसाठी उपयोगी पडतील, अशी आशा होती. परंतु डाबिगाट्रान (निष्कर्ष २०१३) व ॲपिक्साबान (चाचणी २०२२ मध्ये थांबविली) या दोन्ही औषधांच्या चाचण्यांत वॉरफॅरिनच अधिक सुरक्षित ठरले. २००२ मध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता रक्तवाहिनीतून जैव झडप बसविण्याची पद्धत सुरू केली. ती मुख्यतः वृद्धांच्या महारोहिणी झडपेसाठी वापरली जाते. अरुंद द्विदल झडप फुग्याने रुंदावण्याची कानजी इनोउए यांची पद्धत व झडपेची दुरुस्ती यांमुळे मात्र अनेक तरुण रुग्णांत झडप बदलण्याची वेळ लांबविता येते.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ मध्ये संधिज्वर व त्यातून उद्‌भवणारे हृदयविकार यांच्या प्रतिबंधाविषयी ठराव केला. मुलाचा घसा वेळीच तपासणे, योग्य वेळी पेनिसिलिन देणे व संधिज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी अंतःक्षेपण चालू ठेवणे, हे उपाय अल्प खर्चाचे असून कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येतात. यांत्रिक झडपेने असंख्य तरुण रुग्णांना आयुष्याची अनेक वर्षे मिळवून दिली. ती वर्षे टिकविण्याचे काम मात्र महिन्यातून एकदा होणाऱ्या रक्ततपासणीवर व रोज ठरलेल्या वेळी घेतल्या जाणाऱ्या गोळीवर अवलंबून राहिले आहे.